पदराखालचा हात

"आपा, हात उचलला की अख्खी बाई उचलली जातीय." फोनवर ऋतुजा हसत होती की वैतागली होती, ते महेजबीनला कळेना. "सुटं काहीच आलं नाही बघा. हात नाही, डोकं नाही. सगळं मिळून एकच चित्र."

महेजबीनने फोन खांद्यात धरला आणि पडद्यावरचं चित्र पुन्हा उघडलं. बाई तर नीट होती. साठी उलटलेली, खुर्चीवर बसलेली, डोक्यावरून पदर, हातात साध्या बांगड्या.

"मी सगळं वेगवेगळंच काढलंय की," ती म्हणाली. "शेवटी एक ग्रुप केला फक्त."

"तोच नडतोय. मला प्रत्येक भाग आपापल्या लेयरवर पाहिजे, तरच तो माझ्याकडं सुटा येतो आणि हलवता येतो. थांबा, मी उद्या दुकानातच येते."

सात रस्त्याजवळच्या त्या दुकानात महेजबीन तेवीस वर्षं डीटीपी करत होती. लग्नपत्रिका, वास्तुशांती, दहाव्याची पत्रकं, वाढदिवसाचे फ्लेक्स. निम्म्या सोलापूरचे भावी नगरसेवक तिने या टेबलावर गोरे केले होते. चुकलेलं जोडाक्षर तिला दारातून दिसायचं. पण अलीकडे लोक पत्रिका फोनवरच करून आणत आणि "फक्त छापून द्या" म्हणत. मालक महादेवप्पा माणूस वाईट नव्हते. तरी गेल्या महिन्यात त्यांनी विचारलंच होतं, "आपा, दिवाळीनंतर लॅमिनेशनच्या मशीनवर बसाल का? डिझाइनला आता काम कुठं राहिलंय?" ती "बघू" एवढंच म्हणाली आणि पुन्हा पडद्याकडे वळली.

ऋतुजा पुण्यात ॲनिमेशन शिकून परत आलेली मुलगी. नवी पेठेत एका कापडदुकानाच्या वरच्या खोलीत दोन कॉम्प्युटर मांडून ती एकटीच काम करायची. सोलापूरचे शिवराज डॉक्टर दर रविवारी मंगळवेढ्याला जाऊन लकवा झालेल्यांना व्यायाम शिकवत. पण आठवड्याचे बाकीचे सहा दिवस त्या माणसांना कोण दाखवणार? म्हणून फोनवर पाठवता येईल अशी छोटी फिल्म त्यांनी ऋतुजाला करायला सांगितली होती. पहिली फिल्म तिने विकतच्या तयार चित्रांवर केली. त्यात पँट घातलेली, सोनेरी केसांची आजी होती आणि मागच्या खिडकीत बर्फ पडत होता. मंगळवेढ्याच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या आणि त्यांनी फोन पोरांच्या हातात देऊन टाकले.

"मला आपल्याकडची बाई पाहिजे," ऋतुजा तेव्हा महेजबीनला म्हणाली होती. "या रविवारी दाखवायचीय. नाही जमलं तर डॉक्टर म्हणतात, सोडून देऊ, कागदच छापू."

दुसऱ्या दिवशी ती लॅपटॉप घेऊन आली. महेजबीनच्या शेजारी स्टूल ओढून तिने चित्राचा ग्रुप सोडला आणि बाईचा उजवा हात बाजूला ओढला. हात आला. पण कोपराच्या वर तो कापल्यासारखा संपत होता, आणि जिथून तो उचलला तिथे साडीत पांढरं भगदाड पडलं होतं.

"दंड कुठाय, आपा?"

"पदराखाली आहे. दिसत नाही ना तो."

"आत्ता दिसत नाही. हात वर गेला, पदर सरकला, की दिसणार."

महेजबीनने त्या भगदाडाकडे पाहिलं. छपाईत झाकलेलं काढायचं नसतं. उगीच फाइल जड होते, मशीन अडतं. पदराखाली दंड नाही, चष्म्याआड पूर्ण डोळा नाही, मुंडाशाखाली टाळू नाही. तेवीस वर्षं तिने दिसेल तेवढाच माणूस काढला होता.

"मग आता काय, बाईची हाडं पण काढायची?" काउंटरवरून महादेवप्पांनी विचारलं.

"हाडं नकोत काका," ऋतुजा म्हणाली, "पण सांधे पाहिजेत."

मग तिने एकेक गोष्ट दाखवली. दंड, कोपर ते मनगट, आणि पंजा असे हाताचे तीन तुकडे; प्रत्येकाचं टोक वाटीसारखं गोल, आणि एकाचं टोक दुसऱ्याखाली दडलेलं, म्हणजे हात वाकताना सांध्यात फट पडत नाही. पापणी वेगळी, बुबुळ वेगळं. प्रत्येक तुकडा आपल्या लेयरवर, नावासकट. रंग छपाईचे नकोत, पडद्याचे. आणि हे सगळं महेजबीनच्या नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हे, दुसऱ्याच एकात, कारण ऋतुजाच्या मशीनला तीच फाइल सरळ आत घेता येत होती. महेजबीनने जुन्या पत्रिकेच्या पाठीवर सगळं लिहून घेतलं. सेहेचाळिसाव्या वर्षी ती पुन्हा शाळेत बसली होती.

ऋतुजा गेल्यावर तिने दंड काढायला घेतला. काढला, पण तो जुळेना. तो धडधाकट बाईचा हात झाला होता, भाकरी थापणारा. या बाईला लकवा होता. तिचा हात असा नसणार. अंगठा तळव्यात शिरलेला, मनगट खाली पडलेलं, कोपर बरगडीला चिकटलेलं. हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

तिची आई मदिनाबी. तीस वर्षं विड्या वळणारी बाई. एका सकाळी अंगणात पडली आणि उजवी बाजू गेली. त्यानंतर ती दीड वर्ष जगली. कुणी भेटायला आलं की तो हात ती पदराखाली घ्यायची, चोरीचा माल लपवावा तसा. महेजबीनने एकदा तो सरळ करून पाहिला होता. आई कळवळली, "नक्को गे बेटी, दुखताय." महेजबीनने हात सोडला. पुन्हा कधी धरला नाही. धुवायची, पुसायची, बांगडी सारखी करायची, पण सरळ करायची नाही. एकुलती एक लेक. दुकानही तिनेच बघायचं, घरही. चांगल्या हाताने दुबळा हात वर नेता येतो, हे त्या घरात कुणाला ठाऊकच नव्हतं. मय्यतीच्या आंघोळीलाही तो हात छातीवरून हलला नाही.

महेजबीनने डोळ्यांना ओढणी लावली, चष्मा चढवला आणि धडधाकट हात पुसून टाकला. मग पदराखालचा हात काढायला घेतला. दंडावरची सैल कातडी, देवीच्या लशीचा वण, आत वळलेला अंगठा. कुठेच थांबावं लागलं नाही. संध्याकाळी महादेवप्पा मागे येऊन उभे राहिले. "एवढ्यात दहा बॅनर झाले असते," असं म्हणायला आले होते बहुतेक. पडद्याकडे बघून ते तसेच परत गेले.

बुधवारी फाइल गेली. तासाभरात फोन.

"आपा, या वेळी हात सुटा आला, झकास वर गेला. पण बांगड्या खालीच राहिल्या! हवेत लटकतायत!"

बांगड्या चुकून साडीच्या लेयरवर गेल्या होत्या. महेजबीनला हसू आवरेना. महादेवप्पांना सांगितलं तर तेही पोट धरून हसले. "बाईपेक्षा बांगड्यांनाच लकवा झाला म्हणायचं," ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून येता जाता पडद्यात डोकावू लागले.

खरी अडचण गुरुवारी आली. व्यायामात दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफायची होती. गुंफलेल्या बोटांतली कुठली वर, कुठली खाली? ऋतुजाने दहा बोटांचे दहा तुकडे मागितले होते आणि ते हलवताना तिच्याकडे सगळा चिवडा झाला. महेजबीनने स्वतःचे हात गुंफून टेबलावर ठेवले आणि बराच वेळ बघितले.

"अगं, एकदा गुंफले की बोटं हलतच नाहीत," ती फोनवर म्हणाली. "दोन पंजे कशाला? गुंफलेल्या मुठीचा एकच तुकडा करते. दोन्ही मनगटं तिच्या मागं दडवते. मूठ वर गेली की दोन्ही हात आपसूक वर."



"आपा, हे मला सुचलं नसतं."

"पत्रिकेवर कलशाचा नारळ असाच पानांसकट एकच तुकडा करून किती वेळा बसवलाय मी," महेजबीन म्हणाली, पण फोन ठेवल्यावर तिला आपण नीट बसलोय असं वाटलं, ताठ.

शुक्रवारी दुपारी ऋतुजा पुन्हा दुकानात आली. तिने फाइल आत घेतली. पडद्याच्या कडेला एकाखाली एक नावं उतरली: उजवा दंड, उजवं कोपर, मूठ, बांगड्या, पापणी, पदर. एक्केचाळीस तुकडे. हालचाल ऋतुजाने आधीच बसवून ठेवली होती; तिने एका ठिकाणी बोट ठेवून ती चालू केली. खुर्चीवरच्या बाईने डाव्या हाताने उजवा हात मांडीवर घेतला. बोटं गुंफली गेली. दोन्ही हात संथपणे छातीशी, हनुवटीशी, कपाळाशी आले आणि डोक्याच्या वर गेले. पदर खांद्यावरून सरकला. खाली पूर्ण दंड होता, वणासकट. बाईने पापणी लववली.

"परत लाव," महादेवप्पा म्हणाले. तीनदा म्हणाले. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, मुंजीची पत्रिका अर्जंट हवी होती. महादेवप्पा काउंटरकडे वळले आणि म्हणाले, "उद्या या. आमच्या आर्टिस्ट कामात आहेत."

हा शब्द त्यांनी तेवीस वर्षांत वापरला नव्हता. महेजबीनने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

रविवारी सकाळच्या एसटीने दोघी मंगळवेढ्याला निघाल्या. ऋतुजा वाटेत पुढचं बोलत होती. डॉक्टरांना असे बारा व्यायाम हवे होते, आता पायाचा, मग उठून उभं राहण्याचा. "पायात तर अजून सांधे, आपा. साडीच्या आत. दिवाळीनंतर वेळ मिळेल ना?" महेजबीन खिडकीतून ज्वारीच्या काळ्या रानाकडे बघत होती. "मिळवू," ती म्हणाली.

दवाखान्याच्या पडवीत वीसेक माणसं होती. शिवराज डॉक्टरांनी टॅब खुर्चीवर उभा केला. पुढच्या बाकावर बजाबाई बसल्या होत्या, जवळच्या खेड्यातल्या, सत्तरीच्या आसपासच्या. उजवा हात पदराखाली. फिल्म सुरू झाली तसं कुणी हसलं नाही.

"हिच्या कपाळाला कुकू न्हाय," बजाबाई म्हणाल्या. "माझ्यावानीच हाय की."

फिल्म संपली. "आनी एकडाव लावा," त्या म्हणाल्या, आणि डाव्या हाताने त्यांनी आपला उजवा हात पदराखालून बाहेर काढला. दुसऱ्या कुणाची वस्तू ठेवावी तसा मांडीवर ठेवला. बोटं गुंफायला वेळ लागला. हात छातीपर्यंत आले आणि थांबले.

"दुकतंय गं बाई."

महेजबीन शेजारीच उभी होती. तिने डॉक्टरांकडे पाहिलं.

"दुखेल तिथं थांबायचं," डॉक्टर म्हणाले. "जबरदस्ती नाही. पण सोडायचंही नाही."

महेजबीन खाली बसली आणि तिने बजाबाईंच्या कोपराखाली आपला तळवा धरला. कोपर कोरडं, हलकं होतं. "हितंच थांबा," ती म्हणाली. "श्वास घ्या. मी धरलंय." थोड्या वेळाने हात बोटभर वर सरकले. मग हनुवटीपर्यंत. बजाबाईंनी ते खाली घेतले आणि घाम पुसला.

"ही कुटली गं बाई? वळखीची हाय का?"

"सोलापूरची."

"हिच्यावरनंबी वारं गेलं हुतं?"

"हो. उजवी बाजू."

"लेकरंबाळं?"

"एक मुलगी."

"मंग लेकीनंच करून घेतलं आसंल समदं." बजाबाई टॅबकडे बघत होत्या. "हात कुटवर आला तिचा?"

पडद्यावर बाई हात मांडीवर ठेवून बसली होती. महेजबीनने तिच्या हाताकडे पाहिलं. मग तिने सांगितलं.

"वरपर्यंत. पार डोक्याच्या वर."

"व्हय?" बजाबाई जरा सावरून बसल्या आणि बोटं पुन्हा गुंफू लागल्या. अंगठा आत जात होता. महेजबीनने तो हळूच बाहेर काढून दिला आणि कोपराखाली हात धरला.