दुपट्याचे अडीचशे

मी एक जुना वजनकाटा आहे मित्रांनो, आणि मला सूड घ्यायचा होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर तुम्ही म्हणाल, बिचारा म्हातारा काटा, किती सोशिक! मी सोशिक नाही. बाळांच्या दवाखान्यात सव्वीस वर्षं काढली म्हणून कुणाचा स्वभाव लोण्यासारखा मऊ होतो असं थोडंच आहे?

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे एक चष्मेवाला कारागीर दिवसभर स्प्रिंगा ताणून बघायचा. माझ्या तीन स्प्रिंगा त्याने नापास केल्या. चौथी बसवली, माझ्या काचेवरून फडकं फिरवलं आणि म्हणाला, "हा कुणाला रडवणार नाही." पुढे माझं सगळं आयुष्य रडारडीतच जायचं होतं, हे त्या बापड्याला काय ठाऊक!

दवाखान्यात मला खिडकीजवळच्या टेबलावर जागा मिळाली. तिथे मोठ्या सिस्टरांचं राज्य होतं. मोठ्या सिस्टर म्हणजे तिथल्या सगळ्यांत जुन्या नर्स. हात एवढे मोठे, की दोन महिन्यांचं बाळ त्यांच्या एका पंजात मावायचं. त्यांची एक पद्धत होती. आधी माझ्या पारड्यात पिवळं जाड दुपटं घालायचं, म्हणजे बाळाच्या पाठीला पत्रा गार लागत नाही. मग वळून आईच्या हातून बाळ घ्यायचं, अलगद ठेवायचं आणि आकडा वाचून मोठ्याने म्हणायचं, "दुपट्याचे अडीचशे वजा." मग उरलेला आकडा कार्डावर लिहायचा. त्या दुपट्याचं वजन त्यांनी एकदाच केलं होतं, पहिल्या वर्षी. दुपटी फाटली, नवी आली, पण सिस्टर नेहमी त्याच जाडीची आणायच्या. दुपट्याचे अडीचशे म्हणजे अडीचशे.

माझ्यात एक खोड होती. काटा मधेच अडायचा. सिस्टर ती लपवायच्या नाहीत. नव्या आईला सांगायच्या, "हा जरा आळशी आहे हं. टिचकी मारली की खरं बोलतो." मग काचेवर नखाने टिचकी. काटा टुणकन पुढे सरकायचा आणि नऊ महिन्यांची दमलेली ती आई पहिल्यांदा हसायची. आता मला सांगा, ज्याची खोड अशी चारचौघांत सांगितली जाते त्याच्यावर कुणी विश्वास ठेवेल? पण ठेवायचे. खोड माहीत होती म्हणूनच ठेवायचे, हे मला फार उशिरा कळलं.

मग एका सोमवारी तो आला.

पांढरा, चपटा, गुळगुळीत, जणू काही ताटच. पोटात निळे आकडे. त्याला घेऊन आला होता एक टायवाला विक्रेता, आणि सोबत उभ्या होत्या आमच्या डॉक्टरबाई. डॉक्टरबाई तरुण होत्या, भल्या होत्या. हा काटा मिळावा म्हणून त्यांनी वर्षभर वरच्या लोकांशी भांडण केलं होतं.

टायवाला म्हणाला, "ताई, हा स्मार्ट काटा आहे. विचार तुम्ही करायचाच नाही. बाळ ठेवायचं, आकडा वाचायचा, संपलं. पुढच्या महिन्यात तर आकडा थेट आयांच्या फोनवर जाईल."

मोठ्या सिस्टरांनी चष्मा सावरला. "पण हा अडला तर टिचकी कुठे मारायची? आणि आमचं दुपटं—"

टायवाला खो खो हसला. "टिचकी! अहो ताई, टिचकीचा जमाना गेला!"

डॉक्टरबाईंनाही हसू आलं. वाईट हेतूने नव्हे, पण आलं. सिस्टरांचा दुपट्याचा प्रश्न तसाच घशात राहिला. त्यांनी मान डोलावली आणि टायवाला पाच मिनिटांत निघून गेला. जाताना माझ्याकडे बघून म्हणाला, "हे भंगारात द्या आता."

मित्रांनो, हे वाक्य मी गिळलं नाही. ते मी स्प्रिंगेत जपून ठेवलं.

सिस्टरांनी मला भंगारात दिलं नाही, पण कपाटावर चढवलं. माझ्या पारड्यात कापसाचे गठ्ठे रचले. ज्या पारड्यात बाळांनी अंगठे चोखले, शिंका दिल्या, शू केली, त्यात कापूस! आणि कापूस इतका हलका, की माझा काटा हलेचना. जागेवरून उठवलं ते उठवलं, वर रिकामटेकडं करून ठेवलं. मी ठरवलं, या ताटाचा सत्यानाश झालेला बघितल्याशिवाय मी गंजणार नाही.

आणि देव पावल्यासारखी संधी चालून आली. कपाटावरून मला त्याचे निळे आकडे सरळ दिसायचे. पहिल्याच दिवशी मी बघितलं. सिस्टरांनी सवयीने दुपटं घातलं आणि त्या बाळाला घ्यायला वळल्या. आकडा आला, दोनशे पन्नास. एक, दोन, तीन सेकंद गेले आणि आकडा आपोआप शून्य झाला. ताटाने दुपटं स्वतःच वजा करून टाकलं होतं! कुणाला न सांगता, न सवरता. सिस्टर बाळ घेऊन वळल्या, बाळ ठेवलं, आकडा वाचला आणि सव्वीस वर्षांच्या इमानाने म्हणाल्या, "दुपट्याचे अडीचशे वजा."

झालं! एकच दुपटं दोनदा वजा. त्या दिवसापासून दवाखान्यात येणारं प्रत्येक बाळ कार्डावर पाव किलोने वाळलं.

मला तोंड नाही हे खरं. पण असतं तरी मी ते उघडलं नसतं. वर बसून मी मजा बघत होतो. आया एकमेकींत कुजबुजायला लागल्या, "हे नवीन आल्यापासून बघ, सगळ्यांची वजनं घटली." एक आजी तर त्या ताटाकडे पाठ करून बसायची. डॉक्टरबाईंना शंका यायला हवी होती, पण नेमकी त्याच आठवड्यात बाळांमध्ये सर्दीची साथ होती. नाकं चोंदलेली, दूध कमी पिणारच. "साथ ओसरली की भरून येईल," असं त्या सांगायच्या. गुटगुटीत बाळांचं तेवढ्यावर निभावलं. मी मनात म्हणायचो, होऊ दे, अजून होऊ दे.

गुरुवारी बेकरीवाली आली. ती बेकरीत पीठ मोजायची, म्हणून तिला सगळे बेकरीवालीच म्हणायचे. तिचं बाळ दिवस भरायच्या आधीच आलं होतं. एवढंसं, सुरकुतलेलं, म्हणून त्याचं नाव पडलं होतं शेंगदाणा. दर गुरुवारी त्याचं वजन व्हायचं. गेल्या गुरुवारी माझ्याच पारड्यात तो दोन किलो नऊशे भरला होता, आणि त्याच्या आईने आनंदाने त्याच्या तळपायाचा मुका घेतला होता. आज तिचे केस कसेबसे बांधलेले होते, ब्लाउजवर दुधाचा डाग होता आणि बाळाच्या एकाच पायात मोजा होता. दुसरा कुठे पडला ते तिला ठाऊक नव्हतं. सोबत सासूबाई होत्या.

सिस्टरांनी दुपटं घातलं, वळल्या, शेंगदाणा ठेवला. निळा आकडा आला, तीन किलो शंभर. "दुपट्याचे अडीचशे वजा. दोन आठशे पन्नास." सिस्टरांचा हात कार्डावर थबकला. "अगं, पन्नास ग्रॅम कमी झालाय की गं."

डॉक्टरबाईंनी कार्ड बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "या बाळाच्या बाबतीत मी थांबणार नाही. आजच दाखल करू. नाकातून नळी घालून वरचं दूध द्यावं लागेल."

बेकरीवालीने बाळ छातीशी घट्ट धरलं. "नाही हो मॅडम. चांगला पितो हा. जड झालाय. माझा खांदा दुखतो धरून धरून."

"अगं, खांद्याचं काय घेऊन बसलीस?" सासूबाई म्हणाल्या. "मशीन कशाला खोटं बोलेल? त्याचं काय आपल्याशी वैर आहे?"

"मग माझं आहे का वैर?" बेकरीवालीचा आवाज फुटला. "दिवसभर पाजते मी. अजून काय करू?"

सासूबाई पुढे सरकल्या. मग हळूच तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तसं नाही गं म्हणत मी, बाळा."

आणि मित्रांनो, मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगतो. मला आनंद झाला. मला वाटलं, आता हे ताट संपलं! शेंगदाण्याच्या नाकात नळी जाणार होती, आणि मी आनंदात होतो. तेव्हाचा मी असा होतो.

बेकरीवालीने वर बघितलं. "सिस्टर, एकदा त्या जुन्यावर ठेवा. एकदाच. मग तुम्ही म्हणाल ते करते."

डॉक्टरबाईंनी सुस्कारा सोडला, पण मानेनेच हो म्हटलं. मला खाली उतरवलं गेलं. कापूस निघाला. दुपटं आलं, आणि त्यावर शेंगदाणा.

आता सगळं माझ्या हातात होतं. खरं वजन दाखवलं तर तीन किलो साडेतीनशे भरणार, दुपटं वजा करून तीन किलो शंभर. म्हणजे ताटाचाच आकडा. माझ्या तोंडून माझा वैरी खरा ठरणार! पण मी थोडा अलीकडे अडून राहिलो तर? शंभरभर ग्रॅम अलीकडे? तरीही बाळ वाढलेलंच दिसलं असतं, ताट खोटं पडलं असतं आणि भंगाराच्या गाडीत ते गेलं असतं. माझी खोड तर जगजाहीर होती. संशय कुणाला आला असता?

मी अडलो. तीन किलो अडीचशेवर, मुद्दाम.

सिस्टर वाकल्या. बेकरीवालीने श्वास रोखला होता. तिचा एक हात दुपट्याच्या काठाशी, बाळ पडू नये म्हणून. शेंगदाण्याने मोजा नसलेली टाच माझ्या पत्र्यावर आपटली. ऊबदार, वाटाण्याएवढी टाच. मला वाटलं, याचा एकही ग्रॅम चोरायचा अधिकार मला नाही. सिस्टरांनी टिचकी मारायला बोट उचललं, पण ते काचेला लागायच्या आतच मी काटा सोडून दिला.

"तीन साडेतीनशे," सिस्टर म्हणाल्या. "दुपट्याचे अडीचशे वजा. तीन किलो शंभर! अगं, दोनशेने वाढलाय हा!"

"काढा ते मशीन!" डॉक्टरबाई कडाडल्या आणि त्यांनी स्वतःच वायर उपटली. निळे आकडे विझले. काय सांगू, त्या दहा सेकंदांत मला जे सुख मिळालं ते सव्वीस वर्षांत मिळालं नव्हतं.

पण बेकरीवाली डोळे पुसता पुसता थांबली. "थांबा. त्याच्यावरही तीन शंभरच आलं होतं की. मी बघितलं होतं. वायर परत लावा. सिस्टर, नुसतं दुपटं ठेवा बरं त्याच्यावर. आणि वळू नका, बघत राहा."

सगळ्यांनी बघितलं. दोनशे पन्नास. एक, दोन, तीन. शून्य.

"आमच्या बेकरीतला काटा असंच करतो," ती म्हणाली. "ट्रे ठेवला की स्वतःच शून्यावर येतो. नवीन होते तेव्हा मीही ट्रे दोनदा वजा करायचे. पाव असे दगडासारखे व्हायचे!"

सिस्टर खुर्चीत बसल्या. त्यांचे ते मोठे हात मांडीवर नुसतेच पडले होते.

"तुम्ही मला विचारायचं ना, सिस्टर," डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या.

"विचारत होते, मॅडम. दुपट्याचंच विचारत होते. तो हसला." सिस्टरांनी वर बघितलं. "तुम्हीही हसलात."

डॉक्टरबाईंचा चेहरा लाल झाला. त्यांनी सबब सांगितली नाही. "चुकलं माझं," एवढंच म्हणाल्या, आणि शेंगदाणा आईच्या खांद्यावरून आपल्या घरी गेला.

टायवाल्याला दुसऱ्या दिवशी बोलावलं. माझा खरा हिशेब त्याच्याशीच होता, आणि तो सिस्टरांनी चुकता केला. त्याला बारा आयांच्या मधोमध स्टुलावर बसवलं. पहिला प्रश्न डॉक्टरबाईंनी विचारला, "मला नीट कळलं नाही, परत सांगा." मग बायकांनी एकेक करून त्याला सोलून काढला. हा स्वतःहून अजून काय काय करतो? चुकला तर आम्हाला कसं कळणार? तुमचं बाळ ठेवाल का यावर? त्याची टाय ओलीचिंब झाली. शेवटी सिस्टर म्हणाल्या, "आता परत म्हणून दाखवा, टिचकीचा जमाना गेला. आम्ही हसतो." बायका अशा हसल्या, की खिडकीच्या काचा थरथरल्या. मीही वरून पोटभर हसलो. वाटलं, फिटलं सगळं.

आता दुपटं ठेवल्यावर सिस्टर त्या ताटाचं शून्य मोठ्याने वाचतात, आणि आया न घाबरता त्याच्यावर बाळ देतात. मी कपाटावर आहे. वीज गेली की खाली येतो. त्या ताटावर माझं अजूनही प्रेम नाही, पण त्याचा गुन्हा एवढाच होता, की ते आपलं काम मुकाट्याने करत होतं. आणि मुकाट्याने केलेल्या कामावर विश्वास बसत नाही.

त्या चार दिवसांतल्या सगळ्या आयांना सिस्टरांनी परत बोलावलं आणि कार्डावरचे आकडे एकेक करून दुरुस्त केले. सगळ्यात शेवटी एक लाजरी आई आली. घरच्यांच्या बोलण्याला घाबरून तिने बाळाला डब्याचं दूध सुरू केलं होतं, आणि तिचं स्वतःचं दूध आटत चाललं होतं. खोडलेल्या आकड्यावरून तिने बोट फिरवलं. मग तिने विचारलं, "म्हणजे माझं पुरत होतं?"

सिस्टरांनी तिला जवळ घेतलं. वर कपाटावर माझा सूड जागच्या जागी थिजला. हे मी पहिल्या दिवसापासून बघत होतो, मित्रांनो, आणि मजा घेत होतो.

म्हणून तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या घरी नवी यंत्रं येतील, माझ्यापेक्षा शंभर पट हुशार. ती खुशाल आणा. पण घरातलं कुणी, आजी असो, मावशी असो, धाकटी बहीण असो, भीत भीत विचारेल, "हे कसं चालतं गं?" तेव्हा हसू नका. तिचं वाक्य पुरतं ऐका, आणि मग सांगा.