दोन घंगाळं, तीन व्हायोलिनं आणि हळदीची चाल

पूर्वार्ध. (खुर्च्या सरकवू नयेत.)

जर्मनीत संगीतकार हरिश्चंद्र मयेकर या नावाला वजन होतं. मालवणजवळच्या त्याच्या गावी, देवबागेत, त्याला लोक ‘चंद्रावतीचो भाव’ म्हणत. बास, तेवढंच.

निवृत्त होऊन तो बहिणीच्या घरी राहायला आला ते साल २००१. त्याच्या संगीतात चाल नावाची गोष्ट नसे. कुठला स्वर कुठे, हे तो फासे टाकून ठरवी. ‘माझी आवड मध्ये आली की संगीत शिळं होतं,’ असं त्यानं एका मुलाखतीत सांगितलं होतं. फासे मनासारखे पडले नाहीत तर तो ते पुन्हा टाकी. हे मुलाखतीत नव्हतं.

गावात त्यानं पहिल्यांदा ऐकवलं ते ‘पाच पंप आणि एक सनई’. मध्येच कुणीतरी उठून फ्यूज बघून आलं.

मध्येच एक जुनी गोष्ट.

चंद्रावतीच्या लग्नात बारा वर्षांच्या हरीनं माडाखाली बसून एक गाणं जुळवलं होतं. ‘हळद सांडली गो पायरेर, आता कोण पुसता?’ हळद लावणाऱ्या बायकांनी ते उचललं, त्यांच्याकडून ते सुनांकडे गेलं. आता देवबागेत त्याच्याशिवाय हळद लागत नव्हती आणि ते कुणी केलं हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

हरीला मात्र एकच हवं होतं. गावानं एकदा तरी म्हणावं, ह्यां आमच्या हरीन केल्यान.

पुन्हा पूर्वार्ध.

मालवणच्या एका शाळेच्या सभागृहात नव्या रचनेचा कार्यक्रम ठरला. तीन व्हायोलिनं, दोन तांब्याची घंगाळं. शेवटी ती हळदीची चाल घालावी की नाही, यावर हरी आठवडाभर अडला होता. घातली तर पुण्याचे जाणकार म्हणणार, म्हातारा मऊ झाला. फासे एकदा हो म्हणत, एकदा नाही.

‘सोंगट्यो कसल्यो खेळतंस?’ चंद्रावती म्हणाली. ‘देवीक कौल लाव.’

हरीला हे एकदम पटलं. जगातली सगळ्यात जुनी फासे टाकायची पद्धत आपल्या गावात, आणि आपण तिकडे जर्मनीत, कोलोनला, काय करत होतो?

सकाळी बाबली गुरवानं देवीच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. ‘बाये, ह्यां तुझां लेकरू इचारता, गाण्यात चाल घालूची काय? घालूची आसात तर उजवी दी.’

उजवी पाकळी टपकन पडली.

हरीनं पाकळीकडे वाकून बघितलं. ‘बाबली, आणखी एकदा लावूया?’

‘कित्याक?’

‘खात्री करूया.’

‘काकानू, देवीन दिल्यान तां घेवा. हयसर तुमचे फासे नाय.’

उत्तरार्ध. (चहा झाल्यावर.)

घंगाळं घुमली. व्हायोलिनं दार करकरावं तशी करकरली. पुण्याचे जाणकार डोळे मिटून बसले, गाव डोळे उघडे ठेवून. आणि अगदी शेवटी, एका व्हायोलिनवर, ती चाल आली.

मागच्या रांगेतून एक बाई गुणगुणली. मग दुसरी. मग अख्खी मागची बाजू ‘कोण पुसता’ म्हणत टाळ्यांवर आली. पुण्याचे जाणकार मागे वळून बघायला लागले.

वाजवणं संपताच सुगंधा तांडेल पदर खोचून मंचाशी आली. तिचा देवबागेत मासळीचा धंदा, आवाज बंदरापर्यंत जाणारा.

‘हरी, मेल्या, आमचां गाणां चोरलंस!’

‘सुगंधा, तां माझां आसा.’

‘तुझां? माझी सासू म्हणी तां!’

चंद्रावतीला राहवलं नाही. ती उठली. ‘गो, हरीनच केल्यान. माझ्या हळदीक पयल्यांदा म्हटलां.’

‘बघा!’ सुगंधा सगळ्यांकडे फिरून म्हणाली. ‘चंद्रावतीच्या हळदीपासून आसा. म्हणजे जुनांच मां?’

सभागृह हसलं. चंद्रावती तोंड उघडणार होती, पण हरीनं तिचा हात दाबला. एवढ्या बायका, एवढी वर्षं, आणि ते गाणं कुणालाच शिळं झालेलं नव्हतं. यावर आता पुरावा कसला द्यायचा?

‘व्हय,’ तो म्हणाला. ‘गावाचांच.’

सुगंधा जरा नरमली. घंगाळाकडे बघत म्हणाली, ‘पण वाजयलंस बरां. ऐतवारी माझ्या चेडवाची हळद आसा. येशीत वाजवूक?’

साठीच्या हरीला गावातून आलेलं हे पहिलं बोलावणं. त्यानं दोनदा मान हलवली.

‘फक्त शेवटचां हां. तां आधीचां खडाखडा नको.’

‘थोडां घालूया मां?’

सुगंधानं विचार केला. ‘थोडां. पोरीचो मामा जेवता तवसर.’

‘मामा सावकाश जेवता?’ हरीनं विचारलं.