बुधवारचा हिरवा डबा

पाकिटातलं अन्न माझ्या डोक्यात जातं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जे केलं ते कुठल्या तोऱ्यात केलं ते कळेल.

मी अकरा घरांना डबे देते. सगळी लहान पोरांची घरं. आई-बाप दोघंही कामाला, संध्याकाळी दमून यायचं, पोरं भुकेने किरकिरत असायची, मग उघड पाकीट आणि घाल गरम पाण्यात. माझ्या डब्यात मैदा नाही, साखर नाही, रंग नाही, बाटलीतला सॉस तर औषधालाही नाही. अख्खी धान्यं, कडधान्यं, भाज्या, फळं, बस्स. झाकणावर चिठ्ठी चिकटवलेली, तिच्यावर आत काय आहे ते, खाली वार, आणि वाराशेजारी दोन शब्द: आजचं ताजं.

ते दोन शब्द खोटे होते. पहिल्या वर्षी खरे होते, शप्पथ. चार घरं होती तेव्हा मी पहाटे उठून सगळं करायची. चाराची सात झाली, साताची अकरा, आणि माझे हात मात्र दोनच राहिले. मग मी रविवारी मोठ्या पातेल्यांत निम्म्या आठवड्याचं शिजवून ठेवायला लागले. चिठ्ठीवर वार घालायचा तो डबा पोचवायचा, शिजवायचा नाही. यात कुणाचं काय बिघडतंय, असं मी स्वतःला सांगायची. फ्रिज आहे, भांडी उकळून घेतलेली, आणि प्रत्येक डबा भरायच्या आधी मी स्वतः चमचाभर खाऊन बघते.

चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्या नणंदेचं. तिचं अक्षर सुरेख आणि जीभ धारदार. तिने दोनदा मला टोकलं होतं.

"वहिनी, बाळांचे डबे तरी फ्रीझरला टाका. गोठलेलं राहील, वेळेला काढून द्यायचं."

"बर्फातलं खायला घालायचं तर पाकिटाने काय घोडं मारलंय?" मी म्हणाले.

"मग निदान रविवार तरी लिहू द्या."

"रविवार लिहिलंस तर बुधवारी घेईल कोण? तू खाशील?"

"मी तर तुमच्या हातचं रोजच खाते, कुठे तक्रार केलीय?" ती हसली आणि बुधवार लिहून मोकळी झाली. ती हसली म्हणून मीही हसले.

त्या रविवारी पालक फार छान मिळाला होता. मोठी, गडद पानं, एक किडकं नाही. बाळांसाठी मी पालक आणि बटाटा शिजवून मिक्सरमधून काढला, लोण्यासारखा मऊ. फ्रिज भरलेला होता, म्हणून पातेलं दुपारभर ओट्यावरच राहिलं. जागा झाली तेव्हा दिवेलागण झाली होती. सोमवारी चव घेतली, चांगली होती. बुधवारी सकाळी घेतली, तेव्हाही चांगली होती. हिरवी झाकणं लावून तीन घरी तीन डबे गेले. तिन्ही घरांत वर्षाच्या आतलं बाळ.

गुरुवारी दुपारी मी तिसऱ्या मजल्यावरच्या घरी पुढचे डबे घेऊन गेले. तिथली सात महिन्यांची स्वारी माझी सगळ्यात लाडकी. गाल असे की मी त्याला भोपळ्याच म्हणायची, आणि मला बघितलं की तो दोन्ही हात हलवायचा. त्या दिवशी त्याने हात हलवले नाहीत. आईच्या खांद्यावर मान टाकून नुसता माझ्याकडे बघत राहिला.

"झोप आलीय साहेबांना," त्याची आई म्हणाली. "आणि हे तोंड बघा, ताई. चिऊने ब्लूबेरी भरवल्यात वाटतं."

चिऊ म्हणजे त्याची चार वर्षांची बहीण. ती टेबलाखाली बसून चित्र काढत होती.

"मी नाही भरवल्या," ती तिथूनच म्हणाली.

"मग काय आपोआप निळा झाला का गं तो?"

"हो," चिऊ म्हणाली. "आपोआप झाला."

तिची आई हसली. मी सिंकजवळचं फडकं ओलं केलं आणि भोपळ्याचं तोंड पुसायला घेतलं. हनुवटी पुसली, ओठ पुसले. फडक्याला काहीच लागलं नाही. मी पुन्हा पुसलं, जरा जोराने. फडकं पांढरंच राहिलं आणि ओठ निळेच. मग मी त्याची मूठ उघडली. नखंसुद्धा तशीच, निळसर राखाडी.

"अगं, हा रंग नाहीये," मी म्हणाले. "चल. आधी खाली चल."

हॉस्पिटल दोन चौक पलीकडे. टॅक्सीत त्याची आई सारखी त्याचे पाय चोळत होती, थंडी वाजतेय का रे राजा, म्हणत होती. चिऊ माझ्या मांडीवर. निघताना त्याच्या आईने फ्रिजमधला उरलेला हिरवा डबा पिशवीत टाकला होता, काय खाल्लं विचारलं तर दाखवायला. ती पिशवी माझ्या पायाशी होती. तोवर माझ्या मनात काही आलं नव्हतं, खोटं कशाला बोलू? पाकीट खाणाऱ्या पोरांना काहीतरी होतं, माझ्या डब्यातल्या पोरांना नाही, इतकं ते माझ्या डोक्यात पक्कं होतं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला तुटक. त्यांनी भोपळ्याच्या पायाच्या अंगठ्याला चिमटा लावला, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क धरला आणि मशीनवरच्या आकड्याकडे बघत राहिल्या. आकडा हलेना. त्यांनी ऑक्सिजन वाढवला. तरी हलेना. छाती तपासली, पाठ तपासली.

"फुप्फुसं स्वच्छ आहेत. हृदयही ठीक वाटतंय," त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, आणि नर्सला रक्त काढायला सांगितलं.

सुई टोचली तरी भोपळ्या नुसता कण्हला. एरवी त्याच्या रडण्याने जिना दणाणायचा. नळीत रक्त आलं आणि माझी नजर तिथेच अडकली. ते लाल नव्हतं. कोको घोटलेल्या पाण्यासारखं तपकिरी होतं.

डॉक्टरीणबाईंनी ती नळी उजेडात धरली आणि त्यांचा आवाज बदलला.

"घरात पाणी कुठलं? विहिरीचं, बोअरचं?"

"नळाचं. गाळून, उकळून," आई म्हणाली.

"औषध काही दिलंय? दात येताना हिरड्यांना चोळायचं काही?"

तेवढ्यात भोपळ्याची आजी धापा टाकत आली. जवळच राहते, सुनेने टॅक्सीतून फोन केला होता. तिने शेवटचं वाक्य ऐकलं आणि ती दारातच थबकली.

"मी परवा चोळलं होतं थोडंसं," आजी म्हणाली. "दुकानातून आणलेलं. फार रडत होता गं."

"आई!" सून किंचाळलीच. "किती वेळा सांगितलं, मला न विचारता काही लावू नका म्हणून? बघा काय केलंत ते! बघा त्याच्याकडे!"

आजी भिंतीला टेकली. नुसती मान हलवत होती.

"परवा? मग जुळत नाही. त्याचा परिणाम तासाभरात दिसतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आज खायला काय दिलं? पालेभाजी?"

"पालक. पण तो यांचा असतो, घरगुती." आईने डबा पुढे केला. "ताई अगदी रोजच्या रोज करतात."

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी वाचली. बुधवार, आजचं ताजं. माझ्या नणंदेचं सुरेख अक्षर.

"काल सकाळी शिजवलेला?" त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं.

मी मान हलवली. हो म्हणून.

माझ्या मानेला कुणी दोरी बांधली नव्हती. मीच हलवली. अकरा घरं डोळ्यांसमोर आली, नाव आलं, दारादारांतून माझं होणारं कौतुक आलं, आणि मान आपली हलून गेली. डॉक्टरीणबाईंनी डबा बाजूच्या ट्रेमध्ये सरकवला.

"मग हा असेल असं वाटत नाही," त्या म्हणाल्या. "आजी, ते औषध किती चोळलंत, किती वेळा? आज सकाळी लावलंत का? खरं सांगा, मी रागावणार नाही."

"नाही हो," आजी रडायला लागली. "परवाच. एकदाच. देवाशपथ एकदाच."

"खोटं बोलू नका, आई!"

मशीन टिक् टिक् करत होतं. भोपळ्याचा पाय चादरीबाहेर आला होता, तळवा राखेसारखा. चिऊने त्याचा अंगठा बोटांत धरला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "हा पुसून का नाही जात?"

आणि माझ्याच्याने राहवलं नाही.

"रविवारी," मी म्हणाले.

कुणी ऐकलं नाही. मी ओरडले, "रविवारी शिजवलाय तो! आजींनी काही केलेलं नाही. रविवारी दुपारी. दिवेलागणीपर्यंत ओट्यावर होता, मग फ्रिजमध्ये. चिठ्ठी खोटी आहे. सगळ्याच चिठ्ठ्या खोट्या असतात."

भोपळ्याची आई माझ्याकडे बघत राहिली. तिने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

डॉक्टरीणबाई मात्र एक क्षण थांबल्या नाहीत. नर्सला औषधाचं नाव सांगितलं, तिने ते धावत जाऊन आणलं. सिरिंजमध्ये भरलेलं, गडद निळं, शाईसारखं. निळ्या पडलेल्या बाळाला निळंच औषध देतायत हे बघून आजीने डोळे मिटून घेतले.

"पालकात मुळातच एक क्षार असतो," डॉक्टरीणबाई औषध हळूहळू सोडत म्हणाल्या. "मोठ्यांना काही होत नाही. पण शिजवून दिवस दिवस ठेवला की त्याचं वेगळंच काही बनतं. एवढ्याशा बाळाच्या पोटात ते गेलं की रक्त आहे तसं फिरत राहतं, पण प्राणवायू सोडत नाही."

"मी चव घेतली होती," मी म्हणाले. "वाससुद्धा नव्हता."

"येत नाही वास," त्या म्हणाल्या.

दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. आकडा एकाने चढला. मग दोनाने. ओठांच्या कडेला किंचित गुलाबी दिसल्यासारखं झालं, आणि भोपळ्याने तोंड वाकडं करून भोकाड पसरलं. त्याची आई त्या रडण्याबरोबर रडली. आजीही रडली. सुनेने तिचा हात घट्ट धरला. माझ्याकडे कुणी बघितलं नाही, आणि बघावं असं मी काय केलं होतं?

"त्या पातेल्यातलं आणखी कुठे गेलंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मला वाटत होतं, खरं बोलले की संपलं.

"दोन घरी. दोन्हीकडे बाळं आहेत."

"मग उभ्या काय आहात? फोन लावा!"

पहिल्या घरी लगेच उचलला. त्यांच्या बाळाने कालच सगळं थुंकून टाकलं होतं, डबा कचऱ्यात गेला होता. आई माफी मागत होती बिचारी, तुमचं एवढं चांगलं अन्न वाया गेलं म्हणून. तरी बाळाला दाखवून घ्या, म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या घरी नुसती रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. बोटं चुकीच्या नावावर पडत होती. तिसऱ्यांदा लावला तेव्हा तिने उचलला. आवाज अगदी हळू, कुजबुजल्यासारखा.

"ताई, हळू बोला हं. बाळ झोपलंय."

"कधीपासून?"

"दुपारी तुमचा हिरवा डबा संपवला सगळा, तेव्हापासून. चाटूनपुसून खाल्लंन. इतकं शहाण्यासारखं कधी झोपत नाही हो, एरवी दर अर्ध्या तासाला रडतंय. आज बाई मला चहा गरम प्यायला मिळाला."

"उठव त्याला," मी म्हणाले.

"अहो, आत्ता कुठे..."

"उठव गं! आत्ताच्या आत्ता उठव!"

ती दचकली असावी. मग तिच्या सपाता ऐकू आल्या, दार करकरलं, पडदा सरकल्याचा आवाज झाला. मी फोन कानाशी इतका दाबला होता की कान दुखायला लागला.

"ए सोनू," ती म्हणत होती. "उठा बघू. ताई बोलावतायत."

तिने पुन्हा हाक मारली.

"अगं बाई," ती हसत म्हणाली, "ह्याच्या ओठांना काय लागलंय? थांबा हं ताई, ओलं फडकं घेऊन येते."