कुंकू डबीला, टेपला नाही

मित्रांनो, माझ्या डबीच्या झाकणावर कुंकवाचे एक बोट उमटलेले आहे. त्याच्याखाली जुन्या कुंकवाचा फिकट डाग आहे आणि त्याच्याही खाली आणखी जुना. झाडाचे वय खोडातल्या वर्तुळांवरून कळते म्हणतात, माझे या डागांवरून कळेल. मी एक जुनी बॅकअप टेप आहे. तळहातावर मावते. तुमच्या आजोबांकडे गाण्यांची कॅसेट असेल, तर तिची धाकटी बहीण समजा. पण कॅसेटमध्ये चार गाणी असतात आणि माझ्यात एक अख्खा सर्व्हर आहे. हे मी जरा मान ताठ करूनच सांगते. मला मान नाही, हे खरे. पण ताठा आहे.

छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यात एक लहानसे रक्तकेंद्र आहे. लोक तिथे रक्तदान करतात. त्या रक्ताच्या पिशव्या तपासून फ्रिजमध्ये ठेवतात आणि गरजूंना देतात. कोणती पिशवी कोणाची, कोणत्या गटाची, कोणाला चालेल आणि कोणाला नाही, हे सगळे तिथला सर्व्हर सांगतो. सर्व्हर म्हणजे कार्यालयातला मोठा संगणक, लहान संगणकांच्या घरातला कर्ता पुरुष.

एका दूरच्या कारखान्यात जन्मून मी कोऱ्या अंगाने इथे आले. सोबत माझ्या बहिणी होत्या. संगणकाचे काम बघणाऱ्या कालिंदीताई जोशी आमच्यावर रोजच्या नोंदी उतरवून घेत. सोमवारची टेप वेगळी, मंगळवारची वेगळी. माझ्या नशिबात मात्र निराळे काम होते. सर्व्हर नीट बसवून झाला, त्या दिवशी कालिंदीताईंनी त्याच्या सगळ्या सिस्टीम फायली माझ्यावर उतरवल्या. सिस्टीम फायली म्हणजे सर्व्हरला जाग आणणाऱ्या फायली. आपण कोण आहोत आणि काय काम करायचे आहे, हे त्याला त्यांच्यामुळेच कळते. रक्ताच्या नोंदी वेगळ्या डिस्कवर होत्या, पण त्या उघडून दाखवणारा प्रोग्रॅम माझ्यावर होता. मग ताईंनी माझ्या कडेची इवलीशी खिट्टी सरकवून मला जणू कुलूप घातले आणि डबीवर चिठ्ठी चिकटवली, 'पूर्ण सिस्टीम. पुसू नये.'

माझ्या बहिणींवर रोज लिहीत आणि रोज पुसत. 'पुसू नये' हा मान माझ्या एकटीचा.

खंडेनवमीला आमच्या शहरात यंत्रांची पूजा होते, हे तुम्हाला ठाऊक असेलच. बजाजनगरच्या शेडमध्ये लेथ मशीनला माळ पडते, रिक्षांना झेंडूचे गजरे लागतात, सलूनवाला कात्र्या ताटात मांडतो. त्या दिवशी यंत्राला घटकाभर तरी विश्रांती द्यायची, असा रिवाज आहे. रक्ताचे फ्रिज बंद करता येत नाहीत, म्हणून त्यांना चालू असतानाच हळदकुंकू लावतात. सर्व्हरला मात्र कालिंदीताई रीतसर बंद करत, आणि भांडार सांभाळणारे अप्पाराव पूजा करत. अप्पाराव कन्नड तालुक्यातले, शेतकरी घरातले. बैलाला लावावा तसा हात ते फ्रिजला लावतात.

पहिल्या वर्षी त्यांनी मलाही ताटात बसवले आणि ओले कुंकू घेऊन बोट थेट माझ्या अंगाकडे आणले. कालिंदीताई ओरडल्याच.

"अप्पाराव, कुंकू डबीला! टेपला नाही! आत एक कण गेला तरी हिला वाचता यायचं नाही."

"बरं बरं, डबीला लावतो," अप्पाराव म्हणाले. "सोवळ्याची हाय म्हणा की."

पूजा झाली की ताई आणखी एक गोष्ट करत. टेप वाचणारे यंत्र, म्हणजे टेप ड्राइव्ह, काढून मला त्यात घालत आणि म्हणत, "चल, म्हण पाठ." मी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे वाचून दाखवी. दरसाल ही परीक्षा आणि दरसाल मी पास. परीक्षेला वैतागणाऱ्या मुलांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

पुढे दिवस पालटले. नोंदी इंटरनेटवरून दूरच्या संगणकांवर साठवू लागले. माझ्या बहिणी भंगारात गेल्या. खंडेनवमीचा दिवस सोडला, तर मी कपाटाच्या खालच्या खणात ड्राइव्हशेजारी पडून राहिले. कोणी येई, खण उघडी, वायर शोधी आणि माझ्याकडे न बघता खण लावून टाकी. खोटे कशाला सांगू, वाईट वाटायचे.

मग शंतनू आला. नवा अभियंता, हुशार आणि हाताचा भलताच चपळ. या नवरात्रात साफसफाई करताना त्याने मला उचलून भंगाराच्या खोक्यात टाकले. खोक्यात मोडका माउस, तुटका कीबोर्ड आणि मी. माझा जीव कासावीस झाला. तेवढ्यात अप्पाराव आले आणि त्यांना डबीवरचे कुंकू दिसले.

"आरं, ही पुजेतली हाय. हिला भंगारात टाकू नाय."

"काका, ती काय देव आहे का?" शंतनू हसला.

"देव नाय. पण दरसाल ताटात बसती ना? मंग तिला इचारल्याबिगर कसं टाकायचं?"

शंतनूने खांदे उडवले. अप्पारावांनी धोतर नसले तरी पँटच्या कडेने मला पुसले आणि पुन्हा खणात ठेवले.

हेच अप्पाराव, मित्रांनो! लक्षात ठेवा, कारण पुढचा घोटाळाही त्यांच्याच हातून झाला.

खंडेनवमी उजाडली. कालिंदीताई सकाळीच कर्णपुऱ्याच्या देवीला गेल्या आणि यात्रेच्या गर्दीत अडकल्या. इकडे शंतनूने विचार केला की आज कामाची गडबड कमी आहे, तर सर्व्हरची प्रणाली नवी करून घ्यावी. त्याने अपडेट सुरू केले आणि कोणाला काही न सांगता नाश्ता आणायला गेला. अपडेट चालू असताना सर्व्हर बंद करणे म्हणजे भिंत बांधणाऱ्या गवंड्याच्या पायाखालची शिडी काढणे.

अप्पाराव ताट घेऊन आले. ताई फोन उचलीनात, मुहूर्त टळू लागला. यंत्राला विश्रांती दिल्याशिवाय पूजा कशी करायची? त्यांनी सर्व्हरला नमस्कार केला आणि बटण दाबून धरले.

"घे बाबा, वरीसभर राबलास. जरा दम खा."

सर्व्हर गप्प झाला. हळदकुंकू झाले, अक्षता झाल्या, झेंडूची घसघशीत माळ बरोबर पंख्याच्या जाळीवर बसली. मग अप्पारावांनी मोठ्या भक्तिभावाने पुन्हा बटण दाबले. पडद्यावर काळोख आणि त्यात पांढऱ्या अक्षरांच्या दोन ओळी. बस्स.

शंतनू धावत आला. "काका, बंद कोणी केला?"

"म्या केला. दरसाल ताई करत्यात, औंदा म्या केला."

"अहो, अपडेट चालू होतं!"

"मंग सांगायचं ना रं लेकरा!"

सिस्टीम फायली अर्ध्या जुन्या, अर्ध्या नव्या आणि पुऱ्या बिघडलेल्या होत्या. रक्ताच्या नोंदी शाबूत होत्या, इंटरनेटवरही होत्या. पण त्या उघडणार कशाने? तो प्रोग्रॅम बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. शंतनू खुर्चीत बसला, उठला, पुन्हा बसला.

आणि नेमक्या त्याच वेळी दारात कडुबा उभे राहिले. हातात रक्ताच्या नमुन्याची नळी आणि डॉक्टरांची चिठ्ठी. कडुबांची मुलगी सोनिया नऊ-दहा वर्षांची आहे. तिच्या अंगात पुरेसे रक्त तयार होत नाही, म्हणून दर काही आठवड्यांनी कन्नडहून एसटीने येऊन तिला रक्त चढवावे लागते. इतक्यांदा चढवून आता तिचे शरीर चोखंदळ झाले आहे. गट जुळला तरी बहुतेकांचे रक्त तिला सोसत नाही. कोणाचे चालते, ते तपासून सर्व्हरमध्ये नोंदवलेले होते. या वेळी तापामुळे तिची तब्येत अचानक घसरली होती आणि ती जवळच्याच दवाखान्यात होती.

"म्याडम, पोरगी लई धापा टाकायलीय," कडुबा म्हणाले. "डॉक्टर म्हनले, उशीर करू नका."

रक्त जुळवून पाहणाऱ्या रत्नमालाबाईंनी नळी घेतली. "दादा, पिशव्या फ्रिजभर हायेत. पण सोनियाला चालंल ती कोणती, हे ह्या डब्याला ठाऊक, अन् डबा मुका झालाय. मी हातानं एकेक जुळवून बघते." त्या कामाला लागल्या. पहिली पिशवी जुळली नाही. दुसरीही नाही. प्रत्येक तपासणीला वेळ लागत होता. कडुबा बाकावर बसले होते ते उठून भिंतीला टेकले. अप्पारावांना तर त्यांच्याकडे बघवेना.

मी खणात होते. जे हवे ते सगळे माझ्यापाशी होते आणि मला हाक मारता येत नव्हती. इतकी असहाय मी भंगाराच्या खोक्यातही झाले नव्हते.

तेवढ्यात कालिंदीताई आल्या, कपाळावर देवीचा मळवट तसाच. शंतनूने सगळे सांगितले. अप्पाराव पुढे झाले. "ताई, माझ्या हातून पाप झालं. नारळ फोडू का येक?"

"नारळ नंतर. आधी ती माळ काढा, हवा कोंडलीय." मग त्या शंतनूकडे वळल्या. "खालच्या खणात कुंकवाची डबी आहे. ती आण."

शंतनू चाचरला. "ताई, ती मी भंगारात..."

"म्या काढून ठिवली," अप्पाराव हळूच म्हणाले.

ताईंनी ड्राइव्ह जोडला. शंतनूने मला घाईने पुढे केले, तर म्हणाल्या, "थांब. तोंड धुतल्याशिवाय जेवायला बसतोस का?" आणि आधी सफाईची टेप घालून ड्राइव्ह पुसून घेतला. दारात माणूस ताटकळत असताना हे धीराचे काम होते. मग मला आत सरकवले. सर्व्हरला सांगितले, जागा होताना आधी हिच्याकडे बघ. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "म्हण पाठ."

मी म्हणू लागले. फीत उलगडत गेली, फायलीमागून फायल सर्व्हरकडे गेली. निम्मा पाठ झाला असेल आणि मी अडखळले. वयामुळे एका जागी माझी फीत किंचित ताणली आहे. ड्राइव्ह मागे गेला, पुढे आला, पुन्हा मागे गेला. घर्रघर्र आवाजाने शंतनूचा चेहरा पांढरा पडला.

"तिला घाई करू नका," ताई म्हणाल्या. "दरसाल इथंच अडखळते. सावरते ती."

त्यांना माझी खोड माहीत होती! दरसाल परीक्षा घेणाऱ्यालाच ती माहीत असते. मी सावरले आणि शेवटच्या फायलीपर्यंत थांबले नाही. ताईंनी सर्व्हर पुन्हा सुरू केला. दिवे लुकलुकले, पंखा घुमला आणि पडद्यावर रक्तकेंद्राचे नाव झळकले. अप्पारावांनी खांद्यावरच्या रुमालाने डोळे पुसले.

खरे सांगायचे तर सोनियाचे नाव माझ्यावर नव्हते. ते डिस्कवरच्या नोंदींत होते. मी फक्त दार उघडले. पण दारच बंद असते तर? रत्नमालाबाईंनी नाव टाकताच पिशवी सापडली. बजाजनगरच्या शिबिरात सांडू नावाच्या कामगाराने दिलेली. फ्रिजमध्येच होती, पण त्यांच्या हाती पुढे येणाऱ्या पिशवीच्या कितीतरी मागे. त्यांनी तरीही ती जुळवून पाहिली. मग दारात येऊन मोठ्याने म्हणाल्या, "जुळली!"

कडुबांनी पिशवीची पेटी दोन्ही हातांनी छातीशी धरली. तसेच दवाखान्याकडे निघाले, आणि अप्पाराव न सांगता त्यांच्या सोबत गेले.

ते गेल्यावर शंतनू ताईंना म्हणाला, "चूक माझी. मी सांगायला हवं होतं."

"त्यांनी विचारायला हवं होतं, तू सांगायला हवं होतं आणि मी फोन घ्यायला हवा होता," ताई म्हणाल्या. "आता एक कर. हिची नव्या टेपवर प्रत काढ. आणि दर महिन्याला वाचून बघ. वर्षातून एकदा पुरत नाही."

माझी प्रत निघाली. थोडा मत्सर वाटला, नाही म्हणत नाही. पण लेक आपल्यासारखी निघाली की आईला काय वाटते, तेही कळले.

दुसऱ्या दिवशी दसरा. सोनिया बापाचा हात धरून स्वतःच्या पायांनी आली. ओठांवर रंग होता. तिने सगळ्यांना आपट्याची पाने दिली आणि विचारले, "अप्पाराव काका म्हनले, येक म्हातारी टेप हाय. ती कुटंय?"

शंतनूने माझी डबी दोन्ही हातांनी आणून तिच्यापुढे धरली. ती झाकण उघडून पान आत ठेवणार, तोच तो कालिंदीताईंच्या आवाजात ओरडला, "डबीवर! टेपवर नाही!" सगळे हसले. सोनियाने पान कुंकवावर ठेवले आणि म्हणाली, "सोनं घे गं आजी."

मित्रांनो, आयुष्यात याहून मोठा सन्मान मला नको.

तुमच्याही घरात माझ्यासारखे कोणीतरी असेल. फोटोंची जुनी डिस्क असेल, आजोबांचा आवाज साठवलेला फोन असेल. त्याला फूल जरूर वाहा, मला तर फूल फार आवडते. पण अधूनमधून ते उघडून, लावून, वाचूनही बघा. ते कुठे अडखळते, हे अडचणीच्या दिवसाआधी तुम्हाला ठाऊक असू द्या. आणि टाकून देण्याआधी घरात एकदा विचारा.

सोनियाचे पान आता वाळले आहे. ते माझ्या डबीवरच आहे, ताई कोणाला काढू देत नाहीत. मी आत कोरडी, स्वच्छ आणि तयार आहे. कोणी कधीही म्हणावे, "म्हण पाठ." मला अजून सगळा येतो.