मोठं कॅबिनेट

आईने एकदा ठरवलं की ठरलं. इस्पितळात ती मुख्य नर्स होती. अख्खा वॉर्ड नुसत्या नजरेने हाकायची, आणि घरी आली तरी ती नजर काही चपलांबरोबर दाराशी काढून ठेवत नसे. त्या शनिवारी सकाळीच तिने धाकटीच्या अंगावरचं पांघरूण ओढलं.

"ऊठ. तुझा गेमिंगचा कॉम्प्युटर घ्यायला जायचंय."

धाकटी ताडकन उठून बसली. शाळेत असल्यापासून ती ह्या कॉम्प्युटरच्या मागे लागली होती. तेव्हा आई म्हणायची, खेळून कुणाचं पोट भरलंय? पुढे धाकटीने मागणं सोडून दिलं, आणि आता हे.

"अगं, पण असं अचानक?"

"अचानक कसलं? सुताराकडून टेबल नाही का करून घेतलं? भिंतीत पक्कं ठोकलंय. हत्ती बसव त्याच्यावर."

इतके दिवस धाकटीला वाटत होतं, ते टेबल इस्त्रीसाठी आहे. तिने पांघरूण परत गळ्यापर्यंत ओढलं.

गोष्ट अशी होती की तिला नोकरी लागली होती, आणि तीही दूरच्या शहरात. नवे गेम बाजारात येण्याआधी खेळून बघायचे, कुठे अडतात, कुठे फसतात ते शोधायचं. सोमवारी हो की नाही ते कळवायचं होतं. रोज जेवताना शब्द ओठांवर यायचे आणि घासाबरोबर परत आत जायचे. कारण होता दादा. तो परदेशी गेला तेव्हा आईने हसत निरोप दिला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याची रिकामी खोली पुसायला लागली. पलंगावरची चादरसुद्धा बदलते, अजूनही. त्यावरून एक शब्द कधी बोलली नाही. त्याचा फोन आला की म्हणते, "मी मजेत." त्या एका शब्दापुढे धाकटीची जीभ लुळी पडायची.

दुकान लांबट आणि अरुंद होतं. दोन्ही बाजूंना छतापर्यंत खोकी, मध्ये एक माणूस जेमतेम अंग तिरकं करून जाईल एवढी वाट, आणि शेवटी काउंटर. दुकानदार गप्पिष्ट होता. सुटे भाग विकायचे आणि जोडूनही द्यायचे, असा त्याचा धंदा. त्याने आधी मदरबोर्ड पुढे केला.

"हा नीट विचार करून घ्या हं. एकदा हा घेतला की प्रोसेसर ह्याला चालणाराच लागतो, मेमरीपण ह्याचीच. मग मागे फिरता येत नाही."

"आम्हाला कुठे फिरायचंय मागे?" आई म्हणाली. "चांगला आहे ना? द्या."

प्रोसेसर ठरला, ग्राफिक्स कार्ड ठरलं. ते कार्ड चांगलं हातभर लांब होतं. धाकटीने ते हातात घेतलं आणि क्षणभर सगळं विसरली. केवढं देखणं होतं! मग आठवलं, आणि तिला स्वतःचाच राग आला. एकेक भाग निवडून होत होता तसा दुकानदार त्याचं खोकं काउंटरवर ठेवत होता. खोक्यांची भिंत वर चढत होती आणि तिच्यामागची वाट आईने अडवली होती.

हे सगळे भाग ज्यात बसवायचे त्या कॅबिनेटची वेळ आली तेव्हा तिने कोपऱ्यातल्या एका लहानशा डब्याकडे बोट केलं.

"हे चालेल मला."

"झकास आहे," दुकानदार म्हणाला. "पण हे कार्ड त्यात नाही मावायचं. थोडं लहान कार्ड घ्यावं लागेल. एक मात्र आहे, पाठीवरच्या पिशवीत घालून कुठेही नेता येतं."

"कुठे न्यायचंय?" आईने विचारलं.

प्रश्न दुकानदाराला होता, पण बघत होती ती धाकटीकडे. धाकटीने मान खाली घातली.

"ते मोठं द्या. काचेचं," आई म्हणाली. "दोघांनी मिळून उचलावं लागलं तरी चालेल. एकदा ठेवलं की हलवायचं कशाला!"

दुकानदाराने मदरबोर्ड उघडून मऊ कापडावर ठेवला. प्रोसेसर दोन बोटांत अलगद धरला आणि थांबला.

"आता हा बसवला, की परत घेत नाही हं. लावू?"

"लावा," आई म्हणाली.

"थांबा," धाकटी म्हणाली.

आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. दुकानदाराचा हात तसाच अधांतरी राहिला.

"आई, मला नोकरी लागलीय. इथे नाही. लांब."

आईच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. "लावा हो तुम्ही. नोकऱ्या काय, लागत असतात."

दुकानदाराने एकदा आईकडे, एकदा मुलीकडे पाहिलं. प्रोसेसर परत डबीत ठेवला. "मी जरा चहा पिऊन येतो," म्हणाला आणि अंग चोरून खोक्यांमधून बाहेर सटकला.

"हे सांगायला तुला दुकान मिळालं?" आई दबक्या आवाजात म्हणाली. "परक्या माणसासमोर?"

"घरी नाही सांगता येत."

"का? मी काय तोंड दाबून धरते तुझं?"

"तू मजेत असतेस, आई. दादा गेला, तू मजेत. मी गेले की माझीपण खोली पुसशील आणि मजेत राहशील. त्यापेक्षा एकदा भांड ना माझ्याशी!"

आईने काउंटरवरचं एक खोकं उगाच सरळ केलं. मग तिने हात पदराखाली घेतला.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "फोन आला की तू गॅलरीत जायला लागलीस. वाटलं, हे घेतलं तर राहशील."

"म्हणजे तू मला..."

"हो. लाच." तिने नाक ओढलं. "कसली आहे नोकरी?"

"गेम खेळायची. चुका काढायच्या."

"आणि त्याचा पगार देतात?"

"हो."

"चुका काढायच्या तर मीच गेले असते," आई म्हणाली. दोघींना हसू आलं, आणि हसताहसता आई रडली. धाकटीने तिला रडताना कधी पाहिलंच नव्हतं. काय करावं कळेना. सुटल्यासारखं वाटेल असं तिला वाटलं होतं, पण आता तर पाय आणखीच जड झाले.

दुकानदार घसा खाकरत आत आला. "मग? काय करायचं?"

"लहान कॅबिनेट, लहान कार्ड," धाकटी घाईने म्हणाली.

"मोठंच," आई म्हणाली. "सुट्टीला येईल ना ती. येशील ना?"

धाकटीने "हो" म्हटलं. दुसरं काय म्हणणार होती?

दुपारी जोडून तयार झालेलं ते धूड टॅक्सीच्या मागच्या सीटवर दोघींच्या मध्ये बसलं. धाकटी दाराला चेपली गेली होती. पलीकडची आई तिला दिसत नव्हती, नुसता आवाज येत होता. तो टॅक्सीवाल्याला सांगत होता की मुलीला नोकरी लागलीय, लांब, आणि हे सगळं तिचंच आहे, इथेच राहणार आहे. धाकटीने कसाबसा एक हात सोडवून फोन काढला आणि अंगठ्याने कंपनीला लिहिलं: येते. पाठवून झालं तरी हात परत खाली नेता येईना. घर येईपर्यंत तिने तो तसाच वर धरून ठेवला.