साक्षीचं वाक्य

विद्यापीठाच्या जनसंपर्क विभागात तिला सगळे इस्त्रीबाई म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडायचंही. काम तेच होतं. विभागाविभागांतून कागद यायचे आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. वनस्पतिशास्त्रवाले पाल्हाळ लावायचे, कायदेवाले एकाच वाक्यात सगळी कलमं कोंबायचे, आणि क्रीडा विभागाला उद्गारचिन्हाशिवाय वाक्य संपू शकतं हेच मान्य नव्हतं. इस्त्रीबाई सगळ्यांवर हात फिरवायची. संध्याकाळी जे बाहेर पडायचं ते एकाच माणसाने लिहिल्यासारखं असायचं, आणि तो माणूस म्हणजे विद्यापीठ.

त्यासाठी तिने एक शैलीपुस्तिका केली होती. पातळशीच, पण तिच्या लेखी दगडावरची रेघ. पहिलाच नियम होता : वाचणाऱ्याला लिहिणारा दिसता कामा नये. पुढे बरंच काही. 'मान्यवर' म्हणू नका, कोण आलं ते लिहा. 'अत्यंत', 'अतिशय', 'प्रचंड' यांना सुट्टी द्या. आपल्या निवेदनात आपल्याच विभागाची टिमकी वाजवू नका. नात्याचे शब्द घरी ठेवून या.

पण तिचा जीव होता तो निधनवार्तेच्या पानावर. विद्यापीठातलं कुणीही गेलं, कुलगुरू असोत नाहीतर फाटकावरचा पहारेकरी, निवेदन चार वाक्यांचंच. पहिल्यात कोण गेलं. दुसऱ्यात त्यांनी काय काम केलं. चौथ्यात शोकसभा कुठे आणि केव्हा. आणि तिसरं वाक्य साक्षीचं. गेलेल्या माणसाच्या शेजारी बसून ज्याने काम केलं, त्याला जाऊन भेटायचं आणि त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट आणायची. विभागप्रमुखाची साक्ष चालत नसे, आणि नातेवाइकांची तर मुळीच नाही.

लोक चिडायचे. एका माजी कुलसचिवांच्या चिरंजीवांनी 'थोर शिक्षणतज्ज्ञ' या दोन शब्दांसाठी विभागात येऊन टेबल बडवलं होतं. इस्त्रीबाईने त्यांना पाणी दिलं, शब्द दिले नाहीत. उलट पहारेकऱ्याची बायको मात्र एकदा आली आणि दाराशीच उभी राहून म्हणाली, "साहेबांचं जेवढं आलं होतं, तेवढंच आमच्या ह्यांचं आलं हो." त्या दिवशी इस्त्रीबाईला आपल्या नियमाचा मोठा अभिमान वाटला.

नियमाची किंमत तिने मोजली नव्हती असं नाही. तिचे वडील याच विद्यापीठात परीक्षा विभागात कारकून होते. ते गेले तेव्हा निवेदन तिनेच लिहिलं, कारण तेव्हा विभागात दुसरं कुणी नव्हतंच. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने साक्ष दिली, आणि ती जशीच्या तशी गेली : उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांना ते अशी गाठ मारत की ती सोडवायला कात्री लागत नसे.

ताई भडकली. ताई म्हणजे तिची थोरली बहीण, इथेच संख्याशास्त्र शिकवायची. "बाबांचा सगळा जन्म गेला गं त्या खोलीत," ती म्हणाली होती, "आणि तुला सांगण्यासारखं काय सापडलं, तर सुतळीची गाठ?" इस्त्रीबाईने नियम समजावून सांगायला सुरुवात केली, तेव्हा ताईने हात वर केला. "राहू दे. तुमची ती निवेदनं यापुढे मी वाचणार नाही."

त्यानंतर भांडण असं झालं नाही. सणासमारंभाला जाणं-येणं होतं, आजारपणात एकमेकींच्या घरी डबे जात होते. फक्त इस्त्रीबाईच्या कामाचा विषय दोघींत कधी निघाला नाही. घरात एखादी खोली बंद करून ठेवावी आणि पुढे सगळ्यांनी तिच्या दारावरून निमूटपणे जावं, तसं ते झालं.

आणि आता ताईच गेली. सकाळच्या तासाला निघताना छातीत कळ आली म्हणाली, आणि तासाला काही पोहोचलीच नाही.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीबाई ताईच्या घरी बसलेली असताना भावजी तिच्याजवळ आले. भावजी तसे अबोल. उभ्या जन्मात त्यांनी मेहुणीकडे काही मागितलं नव्हतं.

"निवेदन तुम्हीच काढणार ना?" त्यांनी विचारलं.

"विभाग काढेल."

"ते चार वाक्यांचं?"

तिने मान हलवली.

"तिला ते आवडायचं नाही, हे तुम्हाला माहीत आहे," भावजी म्हणाले. "बाबांच्या वेळचं ती विसरली नव्हती. माझं म्हणणं एवढंच, की तिचं तसं करू नका. जरा मोकळ्या हातानं लिहा."

ते आत गेले. रागावले असते तर बरं झालं असतं, असं इस्त्रीबाईला वाटलं. रागावलेल्या माणसांना पाणी देता येतं.

विभागात संचालकांनी तर रान मोकळंच करून दिलं. संचालक तरुण होते, जाहिरातीच्या धंद्यातून आले होते आणि चार वाक्यांचा नियम त्यांना पहिल्या दिवसापासून खुपत होता. विद्यापीठाच्या आवाजात ऊब हवी, असं ते दर बैठकीत सांगत, बहुधा पंख्याखाली बसून. "बाई, पूर्ण पान घ्या," ते म्हणाले. "फोटो टाकू. तुमचीच बहीण, कोण बोलणार आहे?" माणूस वाईट नव्हता. खरंच कळवळून बोलत होता.

इस्त्रीबाई आपल्या टेबलाशी बसली आणि तिने लिहायला घेतलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद कोरडे करणाऱ्या त्या हातातून काय उतरावं? 'अत्यंत मनमिळाऊ.' 'विद्यार्थ्यांवर मातेसमान प्रेम करणाऱ्या.' 'कधीही भरून न येणारी पोकळी.' जे शब्द तिने शेकडो कागदांवरून खुडून टाकले होते ते सगळे, एकही न चुकता, माहेरी आल्यासारखे आले. पान भरलं. ती रडत नव्हती, पण अक्षर तिचं राहिलं नव्हतं. तिने तो कागद धाकटीच्या टेबलावर नेऊन ठेवला.

धाकटी म्हणजे विभागातली दुसरी लेखनिक. काही वर्षांपूर्वी आली तेव्हा वाक्यागणिक तीन विशेषणं लावायची, आता इस्त्रीबाईच्या बरोबरीने लिहायची. कुठलं निवेदन कुणाचं हे कुलगुरूंनाही सांगता आलं नसतं. मात्र मधूनमधून विभागात एक विचित्र फोन यायचा. पलीकडून एक खर्जातला आवाज विचारायचा, "आजचं निवेदन कोणी लिहिलं?" इस्त्रीबाईने उचलला तर उत्तर ठरलेलं, "विद्यापीठानं." आणि फोन खाली. धाकटीने उचलला, तर ती तोंडावर हात धरून हळूच खरं काय ते सांगून टाकायची. कुणाला आणि कशासाठी, ते तिने कधी विचारलं नव्हतं.

धाकटीने पान वाचलं. मग परत वाचलं. तिचे कान लाल झाले.

"बाई," ती म्हणाली, "हे नाही घेता येणार."

"काय?"

"ही विशेषणं आहेत. ती कुणालाही लागतात." हे इस्त्रीबाईचंच वाक्य होतं, रुजू झाल्याच्या दिवशी ऐकवलेलं. "आणि नातेवाइकांची साक्ष चालत नाही. तुम्हीच सांगितलंत."

"माझी बहीण गेली आहे गं!"

इतक्या वर्षांत त्या खोलीत इस्त्रीबाईचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण कागद तिने हातातून सोडला नाही. "म्हणूनच, बाई. तुम्ही आज त्या बाजूच्या आहात. तुम्ही बसा. मी पाणी आणते."

गुरूची विद्या गुरूला फळली. इस्त्रीबाई पाण्याचा पेला हातात धरून पाहुण्यांच्या खुर्चीत बसली. कुलसचिवांचे चिरंजीव याच खुर्चीत बसले होते. त्यांना दोन शब्द नव्हे, आपलं माणूस परत हवं होतं, हे तिला पहिल्यांदा कळलं. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं तिला वागायचं नव्हतं. पण चार वाक्यांत बसवून ताईला पुन्हा एकदा दुखवायचंही नव्हतं. आणि आता तर ताई 'राहू दे' म्हणायलाही नव्हती.

"संख्याशास्त्रात जाऊन ये," शेवटी ती म्हणाली. "तिच्या खोलीत एक प्राध्यापक बसतात. काय म्हणतात ते आण."

धाकटी गेली ती बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तिचा चेहरा असा होता की इस्त्रीबाईने पेला खाली ठेवला.

"बाई, ते फोन करणारे... तेच आहेत ते."

"कोण?"

"खर्जातले. ताईंच्या खोलीतले."

मग तिने सगळं सांगितलं. बाबांचं निवेदन संख्याशास्त्राच्या सूचनाफळ्यावर लागलं, त्या दिवशी 'यापुढे वाचणार नाही' असं बहिणीला सुनावून आल्यावर ताईने ते टाचण्यांसकट ओढून काढलं होतं. खोलीत येऊन ती त्या प्राध्यापकांना म्हणाली, "ऐका, आमच्या बहिणीनं काय दिवे लावलेत ते!" आणि मोठ्याने वाचायला लागली. पहिलं वाक्य वाचलं, दुसरं वाचलं. गाठीच्या वाक्याला ती थांबली. मग तेच वाक्य तिने पुन्हा वाचलं, हळू, आणि खाली बसली. नंतर म्हणाली, "बाबा अगदी असेच होते हो." उठून तिने कागद परत फळ्यावर लावला.

"त्यानंतर आलेलं प्रत्येक निवेदन त्या आधी मोठ्यानं वाचायच्या," धाकटी म्हणाली. "पाणी बंद राहणार एवढंच असलं तरी! आणि वाचून झालं की म्हणायच्या, हे माझ्या बहिणीचं. किंवा, हे तिचं नाही. सरांना पटायचं नाही. म्हणायचे, सगळी तर सारखीच आहेत. म्हणून पैज लावून फोन करायचे. ताई एकदाही चुकल्या नाहीत म्हणे."

"कसं ओळखायची?"

"सरांनीही विचारलं होतं. तर म्हणाल्या, एका अंथरुणात झोपून जिच्या गोष्टी ऐकल्या, तिचा आवाज मला नाही कळणार का?"

इस्त्रीबाई खिडकीशी जाऊन उभी राहिली. खाली वाहनतळावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कुणीतरी हातवारे करत होतं. मला का नाही सांगितलंस, असं तिला ताईला विचारायचं होतं. तू तरी कुठे विचारलंस, असं ताई म्हणाली असती, हेही तिला माहीत होतं. मग ती रडली. धाकटीने या वेळी पाणी आणलं नाही, नुसती शेजारी उभी राहिली.

"पण हे जाणार कसं?" थोड्या वेळाने इस्त्रीबाई नाक पुसत म्हणाली. जित्याची खोड. "आपल्या निवेदनात आपलीच गोष्ट. आणि बहिणीचं नातं. दोन नियम मोडतात."

"साक्ष बदलायची नाही, हाही नियमच आहे."

"बदलायची नाही. पण सगळी सांगायला पाहिजे असंही नाही." तिने खुर्ची ओढली. "तीन वाक्यं तू लिही. तिसरं मी लिहिते."

"नातेवाईक..."

"साक्ष सरांची आहे. मी फक्त लेखनिक."

धाकटीने तिच्याकडे पाहिलं आणि पेन पुढे केलं.

ते एक वाक्य लिहायला इस्त्रीबाईला दुपार लागली. संध्याकाळी ती भावजींकडे गेली आणि ताईच्या खोलीतली हकीकत सांगितली. भावजी भिंतीकडे बघत ऐकत राहिले. "मला नाही कधी वाचून दाखवलं," शेवटी ते म्हणाले. त्यांना ते लागलं होतं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. मग त्यांनी निवेदनाचा कागद मागून घेतला, चष्मा लावला आणि तिसऱ्या वाक्यापर्यंत आले. "हे असूच दे," म्हणाले. "वाढवू नका."

सकाळी निवेदन सगळ्या फळ्यांवर लागलं. चार वाक्यं. पहारेकऱ्याचं होतं तेवढंच. तिसरं असं होतं : विभागात आलेले प्रत्येक निवेदन त्या सहकाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवत, आणि ते कोणी लिहिले आहे, हे त्यांना ऐकताना कळत असे.

इस्त्रीबाई कामाला बसली. क्रीडा विभागाचा कागद आला होता, उद्गारचिन्हांनी फुललेला. एक एक खुडत असताना फोन वाजला. धाकटीचा हात पुढे झाला आणि मागे आला. इस्त्रीबाईने उचलला.

पलीकडे तोच खर्जातला आवाज होता, पण आज जरा घोगरा.

"आजचं निवेदन मी मोठ्यानं वाचलं," तो म्हणाला. "खोलीत दुसरं कुणी नव्हतं, तरी वाचलं. म्हटलं, आपल्यालाही ओळखता येतं का बघू. पहिली दोन आणि शेवटचं एकाचं वाटलं. तिसरं दुसऱ्याचं." तो थांबला. "बाई, तिसरं वाक्य कोणी लिहिलं?"

"विद्या..." सवयीने तिच्या तोंडून निघालं. तेवढ्यावरच ती थांबली.

"मी," ती म्हणाली. "मी तिची बहीण बोलते आहे."