नंदकिशोर यांचे जपानी धडे

आमच्या घरी रेशनकार्डापासून वाचनालयाच्या वर्गणीपर्यंत सगळं यांच्या नावावर. बायकोने नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही. कागदावर मात्र मीच लिहायचं, कारण फॉर्म भरायचा यांना कंटाळा. १९६८ साली टपालाने जपानी शिकवणाऱ्या टोकियोच्या एका शाळेची जाहिरात मी इंग्रजी पेपरात पाहिली आणि अर्जावर सवयीने लिहून टाकलं, 'नंदकिशोर'. शिकायचं मला होतं, तरी 'सुनंदा' लिहावं असं मनातसुद्धा आलं नाही. इतकी मूर्ख मी होते हे आधीच सांगते, म्हणजे पुढे यांना नावं ठेवायला मी मोकळी.

हे बालाघाटजवळच्या मँगनीजच्या खाणीच्या ऑफिसात हेडक्लार्क. माल जपानला जायचा. साहेबावर छाप पडेल म्हणून यांनी धड्यांना परवानगी दिली. परवानगी म्हणजे काय, तर पाकीट आलं की न फोडता माझ्याकडे सरकवायचं. दुपारी भांडी आवरली की मी स्वयंपाकघरातच पाट मांडून गिरवत बसायचे. असं दीड वर्ष गिरवलं. धडे तपासणाऱ्या मिझुनोबाईंनी एकदा लाल शाईत शेरा लिहिला, 'तुमच्या अक्षरात घाई नाही.' लग्नाला नऊ वर्षं झाली होती. माझ्या हातचं काही बरं आहे असं तोवर कोणी म्हटलं नव्हतं.

सत्तर सालच्या मे महिन्यात शाळेचं इंग्रजी पत्र आलं. टपालाने शिकणाऱ्यांत पहिला आलेल्याला टोकियोत दोन महिन्यांचा उन्हाळी वर्ग, तिकीट शाळेचं. नाव अर्थात नंदकिशोर.

"आपन कळवू ना त्यायले," मी म्हटलं, "का धडे मी लिहिले म्हनून."

"येडी झाली का तू?" हे हसले. "बाई मानूस एकटी जपानले जाईन? आन् इथं सयपाक कोन करन?"

"पन तुमाले तं एक अक्षर येत नाही."

"येत नाही म्हनूनच तं शिकाले जाऊन राह्यलो. येत असतं तं जायचं कामच काय होतं?"

जपानचा उन्हाळा म्हणजे आपला आषाढ-श्रावण. जुलैत हे गळ्यात तीन हार घालून छोट्या लाईनीच्या गाडीने गोंदियाकडे निघाले. चिवडा मीच बांधून दिला. घरी येऊन रडले, पण दुःखाने नाही, संतापाने.

सप्टेंबरात परतले ते छत्री, कॅमेरा आणि ज्ञान घेऊन. 'जपानात लोक जोडे बाहेर काढून घरात जातात' हे ज्ञान यांनी अशा शेजाऱ्यांना दिलं, ज्यांच्या घरात सात पिढ्यांत कोणी चपला घालून शिरलं नव्हतं. 'तिथं दोन्ही टाइम भात खातात' हे सांगितलं धानाच्या मुलखात बसून.

"मंग आपल्यापक्षा नवीन काय हाय तिथं?" शेजारच्या शांताबाईंनी विचारलं.

"सिस्टम," हे म्हणाले.

खाणीच्या क्लबात सत्कार झाला. साहेब म्हणाले, "नंदकिशोरजी, जपानी में कुछ सुनाइए." यांनी कमरेत वाकून नमस्कार केला आणि पुढची वीस मिनिटं हिंदीत वाकण्याचं महत्त्व सांगितलं. टाळ्या पडल्या. मी बायकांच्या रांगेत बसले होते आणि मला यांची किळस आली. नवऱ्याची किळस येणं बरं नव्हे म्हणतात. आली, त्याला मी काय करू?

डिसेंबरात मिझुनोबाईंचं पत्र आलं. सगळं जपानीत. हे ऑफिसला निघाले होते. पत्राकडे जरा वेळ पाहिलं आणि माझ्या हातात दिलं.

"चष्मा नाही माह्याजवळ. पाह्य बरं, काय म्हनते बाई."

चष्मा नाकावरच होता. मी वाचलं. बाईंनी लिहिलं होतं, 'जे गृहस्थ इथे आले, त्यांना दोन महिन्यांत वीस वाक्यंही शिकवणं आम्हाला जमलं नाही. धडे लिहिणारा हात हा नव्हे. मी कोणाला दोष देत नाही. पुढच्या उन्हाळ्यात माझ्या वर्गात त्या हातासाठी एक जागा ठेवली आहे. त्या व्यक्तीने आपलं नाव कळवावं आणि घरच्यांची संमती सहीनिशी पाठवावी. महिन्याभरात उत्तर आलं नाही तर जागा दुसऱ्या कोणाला द्यावी लागेल.'

मी पत्र ओट्यावर ठेवलं. खरं सांगितलं तर ते चुलीत जाणार, आणि त्याबरोबर ती जागाही.

"काय लिहिलं?" यांनी विचारलं.

"तुमची आठवन काढते. उत्तर पाठवा म्हनते."

"मंग लिहून टाक ना तू. मले कुठं टाइम हाय? सही करतो मी, आन इकडे."

मी पाटावर बसून तीन ओळी लिहिल्या. अजिबात घाई केली नाही. यांनी खाली आपलं नाव जपानीत काढलं. दोन महिन्यांत तेवढं एक शिकून आले होते, ते पाच मिनिटं घाम गाळून काढलं.

"जमली ना?"

"हौ. चांगली जमली."

खुशीत येऊन हे स्वतःच पोस्टात गेले. पत्र रजिस्टर केलं, आणि संध्याकाळी पावती माझ्यापुढे ठेवली. सहीच्या वर मी लिहिलं होतं:

'माझ्या नावाने आलेले सगळे धडे माझी पत्नी सुनंदा हिने लिहिले. मला जपानी येत नाही. तिला एकटीला तिकडे पाठवायला माझी संमती आहे.'